हक्काचा हिशेब मांडणारे गणिती : मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी (रह.)

अल्लाहने विश्वाची रचना प्रमाणबद्ध केली आहे आणि माणसानेही मापात व तराजूत कसूर करू नये, ही शिकवण सूरह रहमानच्या आरंभीच्या आयतींत येते. ती केवळ बाजारातील वजनकाट्यापुरती नाही. एका माणसाचा हक्क दुसऱ्याच्या हाती असतो, तेथे तेथे तराजू सरळ धरणे हे ईमानवंताचे कर्तव्य ठरते. हिजरी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी बगदादमधील एका विद्वानाने हा तराजू कागदावर मांडला. त्यांचे नाव मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी.

आपली मुले शाळेत ज्या विषयाला बीजगणित म्हणतात, त्याला जगातील अनेक भाषांत मिळालेले नाव याच विद्वानाच्या ग्रंथावरून पडले, हे पुष्कळांना ठाऊक असते. मात्र त्या ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग वसीयत आणि वारसा यांच्या हिशेबांना वाहिलेला आहे, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. त्यांचे चरित्र समजून घेताना ती विसरून चालणार नाही.

जन्म आणि बगदादचे वातावरण

अल-ख्वारिज्मी यांचा जन्म इ.स. ७८० च्या सुमारास झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेस, आमू दर्या नदीच्या खालच्या खोऱ्यात ख्वारिज्म नावाचा प्राचीन प्रदेश आहे. आज तो उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तान या देशांत विभागला आहे. त्यांच्या नावातील संबंध या प्रदेशाशी आहे. इतिहासकार तबरी यांनी त्यांच्या नावापुढे बगदादजवळील कुत्रुब्बुल या परगण्याचाही उल्लेख केला आहे. त्यामुळे घराणे मूळ ख्वारिज्मचे असले तरी त्यांचे वास्तव्य बगदादच्या परिसरातच झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांच्या बालपणाचा व कुटुंबाचा तपशील इतिहासाने जपलेला नाही. त्यांची खरी ओळख त्यांच्या ग्रंथांतूनच होते.

बगदाद नगरीची स्थापना अब्बासी खलीफा मन्सूर यांनी इ.स. ७६२ मध्ये केली. त्यांच्याच कारकिर्दीत भारतातील खगोलशास्त्राचे ज्ञान त्या नगरीत पोहोचले आणि एका संस्कृत सिद्धांतग्रंथाच्या आधारे अरबीत ‘सिंदहिंद’ नावाची परंपरा सुरू झाली. पुढे खलीफा मामून (इ.स. ८१३ ते ८३३) यांच्या काळात ‘बैतुल हिकमा’, म्हणजे ज्ञानगृह, विद्वानांनी गजबजून गेले. ग्रीक, फारसी, सुरयानी आणि संस्कृत विद्येचा तेथे अभ्यास होत असे. अल-ख्वारिज्मी या ज्ञानभांडाराशी संबंधित होते, अशी नोंद इब्न नदीम यांनी आपल्या ग्रंथसूचीत केली आहे. ज्ञान कोणत्या देशातून वा कोणत्या धर्माच्या माणसाकडून आले, याचा संकोच त्या विद्वानांनी बाळगला नाही. ते पारखून घेतले आणि त्यात आपली भर घातली.

ग्रंथाची प्रेरणा

मामून यांच्या प्रोत्साहनाने अल-ख्वारिज्मी यांनी जो ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या नावाचा अर्थ ‘जब्र आणि मुकाबला यांच्या हिशेबाचा संक्षिप्त ग्रंथ’ असा होतो. प्रस्तावनेत त्यांनी आपला हेतू स्पष्ट केला आहे. वारसा, वसीयत, वाटणी, न्यायालयीन वाद, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खोदाई या व्यवहारांत लोकांना जे गणित वारंवार लागते, ते सोपे करून द्यावे, हा तो हेतू होता.

ही यादी बाराशे वर्षांपूर्वीची असली तरी आपल्याकडील वारणेच्या खोऱ्यातील कुटुंबाला ती मुळीच परकी वाटणार नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यात तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी कार्यातून उभ्या राहिलेल्या वारणानगरच्या परिसरात साखर कारखाना आहे, दूध संघ आहे, शाळा-महाविद्यालये आहेत. उसाचे बिल, सोसायटीची कपात, पाण्याची पाळी, बांधाची मोजणी आणि वडिलांच्या पश्चात होणारी वाटणी हे तेथील घराघरांतले विषय आहेत. अल-ख्वारिज्मी यांनी अशाच माणसांसाठी लेखणी उचलली होती.

जब्र आणि मुकाबला म्हणजे काय?

‘जब्र’ या अरबी शब्दाचा एक अर्थ मोडलेले हाड बसवणे असा आहे. स्पेनमध्ये मुस्लिम राजवटीनंतरही हाडवैद्याला याच शब्दावरून आलेले नाव होते. अल्लाहच्या शुभनामांपैकी ‘अल-जब्बार’ हे नाव याच धातूपासून आले असून, तुटलेल्याला सांधणारा असाही त्याचा अर्थ उलमांनी सांगितला आहे. दोन सजद्यांच्या मध्ये जी दुआ केली जाते, तिच्यातही आपले तुटलेपण सांधले जावे अशी याचना याच धातूच्या शब्दाने येते. गणितात जब्र म्हणजे समीकरणात वजाबाकीमुळे तुटलेला भाग दोन्ही बाजूंना मिळवून राशी पूर्ण करणे.

एक साधे उदाहरण पाहू. समजा, एका शेतकऱ्याने ५० टन ऊस घातला. सोसायटीचे ४०,००० रुपये कापून त्याच्या खात्यावर १,१०,००० रुपये जमा झाले. टनाचा दर किती? येथे दराची ५० पट उणे ४०,००० ही एक बाजू आणि १,१०,००० ही दुसरी बाजू आहे. दोन्ही बाजूंना ४०,००० मिळवले की पहिल्या बाजूचा तुटलेला भाग सांधला जातो. हा जब्र होय. आता दराची ५० पट म्हणजे १,५०,००० रुपये. दोन्ही बाजूंना ५० ने भागले की दर एकटा उरतो : टनाला ३,००० रुपये.

‘मुकाबला’ म्हणजे समोरासमोर ठेवणे. दोन्ही बाजूंना एकाच जातीची राशी असेल तर ती दोन्हीकडून सारखी काढून घ्यावी. समजा, तराजूच्या एका पारड्यात साखरेची तीन पोती आणि २० किलो वजन आहे, दुसऱ्यात एक पोते आणि १२० किलो वजन आहे, आणि काटा समतोल आहे. दोन्ही पारड्यांतून एक-एक पोते उतरवले, नंतर २०-२० किलो उतरवले, तर दोन पोती विरुद्ध १०० किलो उरतात. म्हणून पोते ५० किलोचे.

बाजू बदलली की चिन्ह बदलते, हा नियम मुले पाठ करतात. त्यामागील कारण त्यांना सांगितले नाही तर गणित ही हातचलाखी वाटू लागते. वास्तविक कोणतीही राशी पलीकडे उडी मारत नाही. एका पारड्यात जे केले तेच दुसऱ्यात केले, एवढेच घडते. ही समान वागणूक शेवटपर्यंत पाळली की झाकलेली राशी आपोआप एकटी होऊन समोर येते.

अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथात आजच्यासारखी अक्षरे व चिन्हे नाहीत. सर्व काही शब्दांत लिहिलेले आहे. अज्ञात राशीला ते ‘शै’ म्हणजे वस्तू किंवा ‘जिज़्र’ म्हणजे मूळ म्हणतात. तिच्या वर्गाला ‘माल’ म्हणजे धन म्हणतात. त्यांनी सर्व समीकरणांची सहा प्रकारांत विभागणी केली आणि प्रत्येकाची रीत दिली. त्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण असे आहे : एका राशीचा वर्ग आणि त्या राशीची १० पट मिळून ३९ होतात, तर राशी कोणती? ते एक चौरस काढतात. त्याच्या दोन लगतच्या बाजूंना प्रत्येकी ५ रुंदीचे आयत जोडतात. या आकृतीचे क्षेत्रफळ ३९ झाले. आता कोपऱ्यात ५ बाजूचा, म्हणजे २५ क्षेत्रफळाचा लहान चौरस बसवला की मोठा चौरस पूर्ण होतो. त्याचे क्षेत्रफळ ६४, म्हणून बाजू ८. त्यातून ५ वजा केले की मूळ राशी ३ मिळते. नुसते उत्तर न देता ते का बरोबर आहे हे डोळ्यांना दाखवून देणे, ही त्यांची शिकवण्याची पद्धत होती.

वारशाच्या आयती आणि गणिताची गरज

उहुदच्या युद्धात हजरत साद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुली होत्या. जुन्या अरबी रिवाजानुसार त्यांच्या भावाने सर्व संपत्ती ताब्यात घेतली. त्यांच्या पत्नीने मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दाद मागितली. हदीसग्रंथांतील वृत्तांतानुसार त्यानंतर वारशाची आयत अवतरली. प्रेषितांनी (स.) त्या भावाला बोलावून आज्ञा केली, की दोन मुलींना दोन-तृतीयांश आणि त्यांच्या आईला एक-अष्टमांश द्यावे व राहील ते स्वतः घ्यावे. या अपूर्णांकांची बेरीज चोवीस भागांपैकी एकोणीस होते, म्हणजे काकांसाठी पाच भाग उरतात. एका विधवेला न्याय मिळाला तो अशा नेमक्या अपूर्णांकांतून.

सूरह निसामधील ११, १२ आणि १७६ या आयतींत हे हिस्से ठरवून दिले आहेत. अंत्यविधीचा खर्च, कर्ज, एक-तृतीयांशाच्या मर्यादेतील वसीयत आणि नंतर वारसांचे हिस्से, असा क्रम फिकहच्या विद्वानांनी स्पष्ट केला. हिस्से निश्चित असले तरी प्रत्यक्ष घरातील परिस्थिती गुंतागुंतीची असते. ती सोडवण्यासाठी अल-ख्वारिज्मी यांनी आपल्या रीतीचा उपयोग केला.

त्यांच्या वसीयतविषयक भागातील एक प्रश्न पाहू. एका माणसाने दोन मुलगे मागे ठेवले. रोख १० दिरहम आहेत आणि एका मुलाकडून १० दिरहम येणे आहेत. मृताने एका परक्या व्यक्तीसाठी मालमत्तेच्या एक-तृतीयांशाची वसीयत केली आहे. प्रत्येकाला किती मिळेल? अडचण अशी, की येणे रोख स्वरूपात हाती नाही. ऋणी मुलाच्या वाट्यातून जेवढे वळते होईल तेवढेच वाटणीत धरता येते. आणि त्याचा वाटा किती, हे तर अजून कळायचे आहे.

अल-ख्वारिज्मी त्या अज्ञात वाट्याला ‘शै’ म्हणतात. मग वाटणीची मालमत्ता १० आणि एक शै इतकी झाली. तिचा एक-तृतीयांश परक्याला गेला. उरलेल्या दोन-तृतीयांशाचे दोन मुलांत दोन सारखे भाग झाले. म्हणजे प्रत्येक मुलालाही एकूण मालमत्तेचा एक-तृतीयांश मिळाला. तो आहे ३ पूर्णांक १/३ दिरहम आणि शैचा १/३ भाग. परंतु ऋणी मुलाचा हा वाटा म्हणजेच शै! आता दोन्ही बाजूंतून शैचा १/३ भाग काढून घेतला की शैचे २/३ बरोबर ३ पूर्णांक १/३ दिरहम, म्हणून शै ५ दिरहम. रोख दहांपैकी ५ परक्याला, ५ ऋण नसलेल्या मुलाला. ऋणी मुलाचे ५ त्याच्या ऋणात वळते. कोणाचाही हक्क बुडाला नाही आणि कोणाला अधिकही गेले नाही.

इतर कार्य

भारतीय अंकपद्धतीवरही त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नऊ अंक आणि शून्य यांच्या साहाय्याने कितीही मोठी संख्या कशी लिहावी व तिच्यावर क्रिया कशा कराव्यात, हे त्यात सांगितले होते. त्याचे अरबी मूळ आज उपलब्ध नाही. लॅटिन भाषांतरात त्यांच्या नावाचे ‘अल्गोरित्मी’ झाले आणि त्यावरूनच संगणकाच्या क्षेत्रातील ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. भूगोलावरील ग्रंथात त्यांनी २,४०० हून अधिक स्थळांचे अक्षांश-रेखांश दिले. ‘सिंदहिंद’ परंपरेतील खगोलीय कोष्टके, यहुदी पंचांगावरील पुस्तिका आणि वेधयंत्राविषयीचे लेखनही त्यांच्या नावावर आहे. बीजगणिताच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी इ.स. ११४५ मध्ये स्पेनमधील सेगोव्हिया येथे केले आणि ही विद्या युरोपात पसरली.

भारताशी व महाराष्ट्राशी असलेले नाते

बीजगणिताचा उगम एकाच भूमीत झाला असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही, आणि मुस्लिमांनी सत्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये, म्हणजे अल-ख्वारिज्मी यांच्या दीडशे वर्षे आधी, समीकरणांचा सखोल विचार केला होता. ऋण संख्यांचे नियमही त्यांनी दिले होते. अल-ख्वारिज्मी यांनी ऋण संख्या स्वीकारल्या नाहीत. बाराव्या शतकात सह्याद्रीच्या परिसरातील भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ हा ग्रंथ रचला. अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणत. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे.

या विद्येची देवाणघेवाण पुढेही चालू राहिली. बादशाह अकबर यांच्या आज्ञेवरून फैजी यांनी इ.स. १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. शाहजहान यांच्या काळात अताउल्लाह रशीदी यांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर केले. हे ताजमहालशी संबंधित वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र होत. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील बीबी का मकबरा या वास्तूवर रचनाकार म्हणून अताउल्लाह यांचे नाव कोरलेले असून, ते हेच होत असे अभ्यासक मानतात. त्या वास्तूला भेट देणाऱ्या मराठी मुस्लिम कुटुंबांनी आपल्या मुलांना हे अवश्य सांगावे.

अखेरचे दिवस

तबरी यांच्या इतिहासात अल-ख्वारिज्मी यांचा उल्लेख खलीफा वासिक यांच्या आजारपणाच्या प्रसंगी येतो. इ.स. ८४७ मध्ये खलीफा आजारी पडले तेव्हा ज्योतिषी जमले आणि ते आणखी पन्नास वर्षे जगतील, असे भाकीत त्यांनी केले. त्यानंतर दहाच दिवसांत खलीफांचे निधन झाले. जमलेल्यांच्या यादीत अल-ख्वारिज्मी यांचेही नाव आहे. ज्या विद्वानांनी गणितातील अज्ञात उलगडून दाखवले, त्यांनाही गैबचे ज्ञान नव्हते. दिलेल्या माहितीतून निघणारे अज्ञात बुद्धीने शोधता येते; माणसाच्या मृत्यूची घटिका केवळ अल्लाहलाच ठाऊक असते. इ.स. ८५० च्या सुमारास अल-ख्वारिज्मी यांनी या जगाचा निरोप घेतला.

आपल्यासाठी बोध

त्यांच्या नावाचा अभिमान बाळगणे सोपे आहे. त्यांनी ज्यासाठी लेखणी उचलली ते काम मात्र आपल्या घरांत अपुरे राहिले आहे. वडील गेल्यानंतर बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटेल या भीतीने त्या सही करतात. आपला वाटा किती होता, हेही अनेकींना कळलेले नसते. जो आकडा कधी काढलाच नाही, तो खुशीने सोडला असे कसे म्हणता येईल?

एक हिशेब घरात सर्वांनी बसून करून पाहावा. समजा, वारणा खोऱ्यातील एका गृहस्थाने पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली मागे ठेवल्या. त्यांचे आई-वडील हयात नाहीत आणि वसीयत केलेली नाही. मालमत्ता २० लाखांची आहे. अंत्यविधीचा खर्च, संस्थेचे कर्ज आणि पत्नीचा न दिलेला मेहर मिळून ४ लाख देणे आहे. मेहर हेही कर्जच आहे, याचा विसर पडू नये. उरले १६ लाख. पत्नीला अष्टमांश, म्हणजे २ लाख. राहिलेल्या १४ लाखांत मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट. मुलीच्या वाट्याची चार पट १४ लाख, म्हणून प्रत्येक मुलीला साडेतीन लाख आणि मुलाला ७ लाख.

आता हेच समीकरण उलट फिरवू. या कुटुंबात मुलीचा वाटा म्हणजे निव्वळ मालमत्तेच्या ३२ भागांपैकी ७ भाग. भावाने बहिणीच्या हाती १,७५,००० रुपये ठेवून हा तुझा पूर्ण वाटा आहे असे सांगितले, तर तिने त्या रकमेला ३२ ने गुणून ७ ने भागावे. ८ लाख येतात. त्यात ४ लाखांचे देणे मिळवले की एकूण मालमत्ता १२ लाख ठरते. मग २० लाखांपैकी बाकीचे ८ लाख कोठे गेले, हा प्रश्न भावाला विचारण्याची वेळ येते. वाट्यावरून मालमत्ता काढणे आणि मालमत्तेवरून वाटा काढणे ही एकाच समीकरणाची दोन रूपे आहेत. ज्या बहिणीला ते फिरवता येते, तिची फसवणूक होणे कठीण असते. आणि जो भाऊ ते स्वतःहून मांडतो, त्याची आखिरतमधील जबाबदारी हलकी होते.

म्हणून मुलांना आणि विशेषतः मुलींना गणित मन लावून शिकवावे. उलमांचा आणि कायद्याच्या जाणकारांचा सल्ला घेऊन वाटणी वेळेवर करावी. आधी प्रत्येकाचा आकडा कागदावर लिहावा, त्याचा हक्क त्याच्या हाती द्यावा. त्यानंतर कोणी आनंदाने काही सोडले तर तो त्याचा एहसान समजावा.

अल्लाह तआला आपल्याला तराजू सरळ धरण्याची सद्बुद्धी देवो, आपल्या घरांतील तुटलेली नाती सांधो आणि अल-ख्वारिज्मी यांच्यासारख्या ज्ञानसेवकांच्या परिश्रमाचा उत्तम मोबदला त्यांना प्रदान करो. आमीन.